किडींची आगाऊ वर्दी

मिसर देशावर आलेल्या टोळधाडीचे वर्णन निर्गमाच्या पुस्तकात आहे, आणि ते आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी वाचले असेल. त्या वर्णनातील एका लहानशा गोष्टीकडे मात्र वाचणाराचे लक्ष सहसा जात नाही. टोळ येण्यापूर्वी एक दिवस व एक रात्र पूर्वेचा वारा वाहत होता, आणि ते गेले तेव्हा पश्चिमेचा जोराचा वारा सुटला होता, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. कीटक वाऱ्याबरोबर येतात व वाऱ्याबरोबर जातात, ही गोष्ट इतक्या प्राचीन काळीही मनुष्याच्या नजरेतून सुटली नव्हती. आपल्या विदर्भालाही हा अनुभव नवा नाही. इ. स. २०२० च्या मे महिन्यात टोळांचे थवे मध्यप्रदेशाच्या बाजूने अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत उतरले होते.

परंतु शेतकऱ्याचे सर्वच शत्रू असे वाऱ्यावर बसून दूरदेशीहून येत नाहीत. कित्येक आपल्याच शेतात, आपल्याच घराशेजारी निजून राहतात व वेळ आली म्हणजे जागे होतात. पहिल्या प्रकारच्या किडीविषयी, ती कोठून व केव्हा येईल, हा प्रश्न असतो. दुसऱ्या प्रकारच्या किडीविषयी, ती केव्हा जागी होईल, हा प्रश्न असतो. या दोन प्रश्नांची उत्तरे आगाऊ मिळविण्याची जी विद्या आहे, तिची थोडीशी ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. ही विद्या पंचांगातली किंवा शकुनाची नव्हे. जो मोजू शकतो व मोजलेले वहीत लिहून ठेवतो, त्या प्रत्येकास ती साध्य आहे.

आधी आपल्या यवतमाळ जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. कापूस हे येथील मुख्य पीक, आणि गुलाबी बोंडअळी ही त्याची आजची मुख्य वैरीण. ही अळी शास्त्रज्ञांस नवी नाही. आपल्याच देशातील भडोचकडच्या कापसावर ती आढळली, आणि इ. स. १८४३ मध्ये सॉन्डर्स नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तिची मादी म्हणजे एक लहान, करड्या रंगाचा, रात्री उडणारा पतंग होय. ती पात्या, फुले व कोवळी बोंडे यांवर बारीक अंडी घालते. तीनचार दिवसांत, फार तर पाचसहा दिवसांत, अंडे फुटते. बाहेर आलेली अळी केसासारखी बारीक असते आणि लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते. ती शिरल्याचे छिद्रही पुढे बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार व निरोगी दिसते, आणि आत अळी सरकी खात बसलेली असते. बोंड फुटण्याची वेळ आली म्हणजे खरा प्रकार उघडकीस येतो. तेव्हा हाती कापूस न येता कवडी येते.

आता विचार करा. अळी बोंडात शिरल्यावर वरून कितीही औषध फवारले तरी ते तिच्यापर्यंत कसे पोहोचणार? पतंग उडू लागल्यापासून अळी बोंडात शिरेपर्यंत जे थोडेसे दिवस मिळतात, तेवढाच काय तो उपायाचा काळ. त्या आधीची फवारणी व्यर्थ, आणि त्या नंतरचीही बहुतांशी व्यर्थ. म्हणून या किडीच्या बाबतीत कोणते औषध, या प्रश्नाआधी कोणता दिवस, हा प्रश्न सोडवावा लागतो.

हा प्रश्न न सोडविल्यास काय होते, हे आपल्या जिल्ह्याने इ. स. २०१७ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी पऱ्हाटी कित्येक ठिकाणी पुरुषभर उंच वाढली होती. रसशोषक किडी व बोंडअळ्या यांच्या भयाने शेतकरी व मजूर फवारणीमागून फवारणी करीत होते. अनेकांनी दोन दोन, तीन तीन विषारी औषधे एकत्र मिसळली. हवा उष्ण व दमट होती, अंगावर पुरते कपडे नव्हते, तोंडावर फडके नव्हते, आणि उंच पिकातून चालताना औषधाचा तुषार चेहऱ्यावर येत होता. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या एका जिल्ह्यात वीसाहून अधिक माणसे दगावली, आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल करावे लागले. इतके करूनही पुढे हिवाळ्याच्या तोंडाशी गुलाबी बोंडअळीने कापसाचा फडशा पाडलाच. म्हणजे पैसा गेला, माणसे गेली, आणि पीकही गेले. ही हकीकत लिहिताना आमची लेखणी जड होते. परंतु ज्या मुलांच्या घरी पुढच्या हंगामात पुन्हा फवारणीचा पंप पाठीवर चढणार आहे, त्यांना ती सांगितलीच पाहिजे.

कोणी म्हणेल की, बीटी कापूस आल्यावर ही अळी नाहीशी व्हावयास हवी होती. तसे काही वर्षे वाटलेही. बीटी कापसास आपल्या देशात इ. स. २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि दोन जनुकांचे सुधारलेले वाण २००६ मध्ये आले. परंतु इ. स. २०१० मध्ये गुजरातेतील काही जिल्ह्यांत पहिल्या प्रकारच्या बीटीला ही अळी दाद देत नाही असे जाहीर झाले, आणि पुढे पाचसहा वर्षांच्या आत दुसऱ्या प्रकारचीही तीच गत झाली. बियाण्याच्या पिशवीवर विसंबून आपण शेत निरखणे सोडून दिले होते. ते काम आता पुन्हा हाती घेणे भाग आहे.

मग ही अळी केव्हा जागी होते? हिवाळा जवळ आला, दिवस लहान झाले, म्हणजे पूर्ण वाढलेल्या पुष्कळ अळ्या लगेच कोषात न जाता निजून राहतात. या निद्रेस सुप्तावस्था म्हणतात. ही निद्रा त्या सरकीत, न फुटलेल्या बोंडात, जमिनीवर पडलेल्या पाल्यात, जिनिंगच्या आवारात, आणि जळणासाठी घरामागे रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात काढतात. उन्हाळा सरून पाऊस पडू लागला की ऊब व ओल मिळून त्या जाग्या होतात, कोष करतात, आणि थोड्या दिवसांनी पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात पात्या व फुले असली तर मादीची सोय झाली. नसली तर तिची संतती जगण्यास आधारच राहत नाही, आणि ती पिढी आपोआप नष्ट होते. पतंगाचे आयुष्य तीन आठवड्यांहून सहसा अधिक नसते.

मे महिन्यात धूळपेरणी करू नये, मृगाचा भरवशाचा पाऊस पडल्यावरच पेरावे, असे जे सांगितले जाते त्याचे कारण हेच. पेरणीपासून पाती लागण्यास सुमारे चाळीस ते पंचेचाळीस दिवस लागतात. पेरा उशिरा व गावाने एकाच सुमारास केला, तर आधी निघालेल्या पतंगांस पाती सापडत नाही. उलट फरदड घेण्याच्या लोभाने जानेवारीनंतरही पऱ्हाटी उभी ठेवली, तर अळीच्या निद्रेसाठी आपण अंथरूणच घालून दिल्यासारखे होते. यावरून दिसून येईल की, किडीच्या जागे होण्याचा काळ कळला तर औषधाचा थेंबही न वापरता तिचा काही अंश टाळता येतो.

आता पुढची पायरी. कीटकाचे रक्त आपल्यासारखे सदा उष्ण नसते. हवा उबदार असली म्हणजे त्याची वाढ झपाट्याने होते, आणि थंड असली म्हणजे मंदावते. म्हणून त्याचे वय दिवसांनी न मोजता उष्णतेने मोजावे लागते. ही कल्पना फ्रेंच पंडित रेओम्यूर याने इ. स. १७३५ मध्ये मांडली. रोजच्या उष्णतेची बेरीज करीत गेल्यास पीक केव्हा पिकेल हे सांगता येते, असे त्याने दाखविले. तीच रीत पुढे किडींस लावण्यात आली. या मापास अंश-दिवस म्हणतात. त्याचे गणित सातवीच्या मुलासही यावे इतके सोपे आहे. दिवसाचे कमाल व किमान तापमान मिळवून निम्मे करावे, आणि ज्या अंशाखाली त्या किडीची वाढ थांबते तो अंश त्यातून वजा करावा. उरेल ती त्या दिवसाची कमाई.

उदाहरणार्थ, एखाद्या किडीची वाढ १३ अंशांखाली थांबते व अंड्यापासून पतंग होण्यास तिला ४०० अंश-दिवस लागतात, असे समजा. पावसाळ्यात एके दिवशी किमान तापमान २४ व कमाल ३४ असेल, तर सरासरी २९ झाली. तीतून १३ वजा जाता १६ उरतात. असेच दिवस राहिले, तर ४०० ला १६ ने भागून २५ दिवसांत नवी पिढी तयार होईल. हिवाळ्यात किमान १२ व कमाल २८ असता सरासरी २० येते, रोजची कमाई फक्त ७ होते, आणि त्याच पिढीस सुमारे ५७ दिवस लागतात. प्रत्येक किडीचे हे दोन आकडे निरनिराळे असतात, व ते प्रयोगशाळेत निश्चित करावे लागतात. आमचे वरील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत.

बेरीज करावयाची खरी, पण ती कोणत्या दिवसापासून आरंभावी? येथे कामगंध सापळा उपयोगी पडतो. पतंगांची मादी रात्री आपल्या अंगातून एक सूक्ष्म गंध सोडते, आणि नर त्या गंधाच्या मागाने दूरवरून येतो. मनुष्याच्या नाकास तो मुळीच कळत नाही. फ्रान्समधील फाब्र नावाच्या निरीक्षकाने एक मादी जाळीत ठेवून पाहिली, तेव्हा रात्री अनेक नर खिडकीतून येऊन तिच्याभोवती घिरट्या घालू लागले. पुढे बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सुमारे पाच लाख रेशीमपतंगांपासून तसला गंध शुद्ध रूपात वेगळा करून इ. स. १९५९ मध्ये त्याचे स्वरूप जाहीर केले. गुलाबी बोंडअळीच्या गंधाचे कोडे इ. स. १९७३ मध्ये उलगडले. तो गंध आता कारखान्यात तयार होतो, आणि रबराच्या लहानशा गोळीत भरून सापळ्यात टांगला जातो. नर फसून आत शिरतात, व सकाळी मोजावयास मिळतात.

पेरणीनंतर दीड महिन्याने असे सापळे एकरी दोन या प्रमाणात लावावेत, आणि गोळी वेळोवेळी बदलावी. एका सापळ्यात रोज आठ पतंग, याप्रमाणे सतत तीन रात्री पतंग सापडले, तर किडीने धोक्याची पातळी गाठली असे समजतात. सापळा हा पहारेकरी आहे, शिपाई नव्हे, हे मात्र विसरू नये. तो वर्दी देतो. किडीचा नायनाट करीत नाही. त्यात येतात ते नर, आणि अंडी घालणारी मादी शेतात मोकळीच असते.

म्हणून सापळ्याच्या जोडीला प्रत्यक्ष पिकाची तपासणी हवी. फुलाच्या पाकळ्या न उमलता एकमेकींस चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसू लागल्या, तर त्यास आपल्याकडे डोमकळी म्हणतात. तिच्यात अळी असण्याचा फार संभव असतो. अशा कळ्या तोडून नष्ट कराव्यात. बोंडे धरल्यावर दर आठवड्यास शेतातून आडवेतिडवे फिरून निरनिराळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडावी, फोडावी, व किती बोंडांत जिवंत अळी आहे ते मोजावे. वीसांत दोन म्हणजे शेकडा दहा. ही पातळी आली म्हणजे उपायाची वेळ झाली. तिच्या आतबाहेरचा निर्णय मोजणीने करावा. शेजाऱ्याने फवारले म्हणून, किंवा दुकानदाराने बाटली पुढे केली म्हणून करू नये.

येथवर घरच्या शत्रूविषयी सांगितले. आता दूरून येणाऱ्याकडे वळू. मका व ज्वारी पेरणाऱ्यांस अमेरिकन लष्करी अळीचे नाव ठाऊक असेलच. ही मूळची अमेरिका खंडातील. इ. स. २०१६ मध्ये ती पश्चिम आफ्रिकेत आढळली, इ. स. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोगा येथे मक्यावर दिसली, आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रातही पोहोचली. दोन वर्षांत एका खंडातून दुसऱ्या खंडात जाण्याचे तिचे बळ पंखांत आहे. अनुकूल वारा मिळाल्यास तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तिच्या बाबतीत आपल्या एकट्या शेतावरची दृष्टी पुरत नाही. दक्षिणेकडील तालुक्यांत काल काय दिसले, व वारा कोणीकडून वाहत आहे, हेही विचारावे लागते.

तिची अंडी पुंजक्याने असतात, व दोनतीन दिवसांत फुटतात. लहान अळ्या पाने खरवडतात. मोठी अळी मात्र मक्याच्या पोंग्यात शिरून विष्ठेचे जणू बूच लावून बसते, आणि मग तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. कापसाच्या बोंडात जे घडते तेच येथे पोंग्यात घडते, आणि येथेही सर्व भिस्त वेळेवरच आहे. रोपे लहान असता शेकडा पाच झाडांवर खरवडलेली पाने दिसली, की पाच टक्के निंबोळी अर्कासारखा सौम्य उपाय आरंभावा असे कृषितज्ज्ञ सांगतात.

अमेरिकेच्या मक्याच्या मुलखात ही दोन्ही साधने एकत्र कशी वापरतात, तेही पाहण्यासारखे आहे. तेथे वसंत ऋतूत दक्षिणेकडील वाऱ्याबरोबर काळ्या कुरतडी अळीचे पतंग येतात. ते सापळ्यांत एकदम अधिक सापडले, की ती तारीख लिहून ठेवतात, आणि त्या तारखेपासून अंश-दिवसांची बेरीज सुरू करतात. बेरीज ठराविक आकड्यास पोहोचते, तेव्हा अळी रोपे कापण्याइतकी मोठी झाली असावी, असे धरून शेतकऱ्यांस शेत पाहण्याची सूचना देतात. सापळ्याने आरंभ सांगावयाचा, उष्णतेने वय सांगावयाचे, आणि शेवटी शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी खात्री करावयाची, असा हा क्रम आहे.

आपल्या राज्यातही असा प्रयत्न चालला आहे. इ. स. २००८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी मोठा हाहाकार केला. त्यातून धडा घेऊन इ. स. २००९ पासून सरकारने कीड-सर्वेक्षणाची क्रॉपसॅप नावाची योजना सुरू केली. तीत ठरलेल्या शेतांची नियमाने पाहणी होते, आकडे एकत्र केले जातात, आणि त्यांवरून सल्ला दिला जातो. तो सल्ला गावात पोहोचतो तेव्हा तो वाचून घरात सांगणारा कोणीतरी हवा. आमच्या मते, ते काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींचे आहे.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस एक सूचना आहे. एक साधी वही घ्यावी. तीत तारीख, कमाल व किमान तापमान, पाऊस, वाऱ्याची दिशा, सापळ्यातील पतंगांची संख्या, डोमकळ्यांची संख्या आणि वीस बोंडांतील किडक्या बोंडांची संख्या, अशी सात सदरे आखावीत. जुलैच्या अखेरीस आरंभ करून पीक निघेपर्यंत ती भरावी. पावसाच्या रात्री पतंग कमी सापडतात, तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. एका वर्षाच्या वहीने फारसे कळणार नाही. पण तीन वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे आपल्या शिवारात पतंग कोणत्या सुमारास वाढतात हे दिसू लागेल. हे करताना विद्यार्थ्यांनी एक नियम कडकपणे पाळावा. फवारलेल्या शेतात जाऊ नये, व औषधाच्या बाटलीस किंवा पंपास हात लावू नये.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलाने वही पुढे केली तर ती पाहावी. तिच्यात पातळी गाठल्याचे दिसत नसेल, तर त्या आठवड्याची फवारणी राहू द्यावी. फवारणे भागच असेल, तर दोन औषधे आपल्या मनाने मिसळू नयेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करून चालू नये, आणि तोंड, डोळे व हातपाय झाकल्यावाचून शेतात शिरू नये. न केलेल्या प्रत्येक अनावश्यक फवारणीने घरचा पैसा वाचतो, आणि एखादे वेळी घरचा माणूसही वाचतो.

हे एकट्याने करण्याचे काम नव्हे, हेही सांगितले पाहिजे. हीच गुलाबी बोंडअळी इ. स. १९१७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास प्रांतात शिरली होती. तेथील शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या वेळेवर गाडणे, बीटी वाण, कामगंध आणि प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग सोडणे, हे सर्व उपाय एकजुटीने केले. अखेर इ. स. २०१८ मध्ये त्या देशाचे कापसाचे प्रदेश या किडीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मोजणी त्यांनी शंभर वर्षांच्या लढ्यात कधी सोडली नाही. एकाने पऱ्हाट्या उपटल्या व शेजाऱ्याने ढीग रचून ठेवला, तर पतंगास बांध ओलांडावयास कितीसा वेळ लागणार?

योसेफाने फारोला सात वर्षांच्या दुष्काळाची आगाऊ वर्दी दिली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु मिसर देश केवळ त्या वर्दीने तरला नाही. सुकाळाच्या सात वर्षांत नेमाने धान्य साठवून कोठारे भरण्यात आली, म्हणून तो तरला. आपल्या सापळ्यांची व वह्यांची गोष्टही तशीच आहे. पतंग येण्याची वर्दी आपल्यास मिळू लागली आहे. ती ऐकून वेळेवर हात हलविणे हे आपले काम, आणि त्याचा आरंभ येत्या मृगापासूनच व्हावा, अशी आमची इच्छा आहे.